आजच्या दिवस मागं खेळ

खिळा चिडका होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की आम्हाला कुणी बोललं नाही. काही माणसं दुधासारखी असतात, उतू जातात आणि फुंकर मारली की खाली बसतात. खिळ्याचा राग तसला नव्हता. तो जुना होता, आणि खिळा त्याला रोज नेमानं पाणी घालत असे.

खिळा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते प्रेक्षकांनी ठेवलेलं. फुटबॉलच्या मोठ्या क्लबात तो राइट बॅकला खेळायचा, म्हणजे बचावाच्या फळीत उजव्या टोकाला. समोरच्या विंगरला, म्हणजे कडेनं चढाई करणाऱ्याला, असा ठोकून ठेवायचा की तो बिचारा मॅच संपल्यावर मित्रांना विचारायचा, अरे, मी आज खेळलो का रे? लोक खूश. स्टँडमधून ‘ठोक, खिळा, ठोक’ असा गजर व्हायचा. दुसरा कुणी असता तर हुरळून गेला असता. याच्या मात्र ते ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण त्याला बॅकला खेळायचंच नव्हतं.

तो मधला खेळाडू. पोरसवदा होता तेव्हापासून मधला. बॉल पायाशी घ्यायचा, दोघांच्या मधून गर्रकन वळायचं आणि तिसऱ्याला कळायच्या आत पुढच्याला द्यायचा, यातच त्याचा जीव. त्याच जोरावर त्याला क्लबानं घेतलं होतं. मग एका सकाळी क्लबाच्या नेहमीच्या राइट बॅकला कावीळ झाली. कोचना सगळे मास्तर म्हणायचे. मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं, हाताला लागली ती जर्सी याच्या अंगावर फेकली आणि म्हणाले, “आजच्या दिवस मागं खेळ.”

आजच्या दिवस! कावीळवाला बरा झाला, चांगला गुटगुटीत होऊन परत आला, बाकावर बसून बसून कंटाळला, विम्याच्या ऑफिसात चिकटला, यथावकाश त्याला नातवंडंही झाली. मास्तरांचा आजचा दिवस काही मावळला नाही. खिळ्याची चूक म्हणाल तर एकच. त्या दिवशी तो चांगला खेळला.

राइट बॅकचं जिणं काय असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. सगळं मैदान डाव्या खांद्याकडं, आणि उजव्या खांद्याशी चुन्याची रेघ. रेघेपलीकडं प्रेक्षक. मधल्या खेळाडूला लोकांचा नुसता गलका ऐकू येतो, बॅकला मात्र एकेका माणसाचं बोलणं ऐकू येतं. शेंगा खात बसलेला कुणीतरी सबंध मॅचभर सांगत असतो की तुझे मोजे घसरलेत, तुझी चाल बदकासारखी आहे, तुझ्या आईनं तुला शिवणकाम शिकवायला हवं होतं. खिळ्यानं उमेदीची अख्खी वर्षं त्या रेघेवर काढली. राष्ट्रीय शिबिरापर्यंत गेला, दोन कप उचलले, एक गुडघा घालवला. निरोपाच्या मॅचला क्लबानं त्याला चांदीचा मुलामा दिलेला खिळा भेट दिला. आता याला काय म्हणायचं? घरी आल्यावर त्यानं तो अडगळीच्या खणात टाकला, आणि खण असा आपटला की मूठ हातात आली.

खेळ सुटल्यावर क्लबानं त्याच्या गळ्यात मुलींचा सतराच्या आतला संघ घातला. आधी त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग महिन्याभरातच तो असा रमला की सुट्टीच्या दिवशीही मैदानावर जाऊन सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडून बसायचा. ओरडायचा मात्र पूर्वीसारखाच. मुली त्याला घाबरत नाहीत, ही त्याची आणखी एक तक्रार. “सरांचा भोंगा वाजला,” म्हणायच्या आणि बुटांच्या नाड्या बांधत राहायच्या.

त्या मुलींत एक होती. तिला तो भिंगरी म्हणायचा. पहिल्या दिवशी तिनं बॉल पायाशी घेतला आणि असं काही वळण घेतलं की खिळा बाकावरून उठून उभा राहिला. हे वळण आपलं! त्यानं तिथल्या तिथं तिला मधे उभं केलं, दहा नंबर दिला, आणि दोन वर्षं तिच्यावर मेहनत घेतली. सराव संपल्यावर बाकीच्या घरी जायच्या, भिंगरी थांबायची. तो पाठीमागून ओरडणार ‘डावा’, म्हणजे डावीकडून कुणी येतंय, की तिनं उजवीकडं वळायचं, तो ओरडणार ‘माणूस’, म्हणजे पाठीवर कुणी आलं, की तिनं एका स्पर्शात बॉल सोडायचा.

आता खरं सांगायचं तर, ते एक वळण सोडलं तर भिंगरी मधली नव्हती. मैदान समोर असेल तर तिला सगळं दिसायचं. कुणाच्या मनात काय आहे ते त्याच्या पायाच्या आधी तिला कळायचं, आणि ती बॉल अशी काढून घ्यायची की समोरच्याला राग यायलाही वेळ मिळू नये. पण पाठीमागचं तिला दिसत नसे. मधल्या खेळाडूला सतत मान फिरवावी लागते, मागं कोण, बाजूला कोण. भिंगरी मान फिरवायची तीही आठवण करून दिल्यासारखी, आणि तोवर कुणीतरी येऊन बॉल घेऊन गेलेलं असायचं. मग ती पळत मागं यायची, तो बॉल परत मिळवायची, आणि खिळा साइडलाइनवरून खेकसायचा, “मागं का आलीस? ते तुझं काम नाही!” ज्या कामात पोरगी सोन्यासारखी होती त्यासाठीच तिला बोलणी बसायची. बघणाऱ्याला कळत होतं. खिळ्याला दिसत नव्हतं. दोन कप उचललेल्या माणसाला सांगणार कोण?

तिची आई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला होती. चादरींचे ढीग उचलून उचलून बाईची पाठ गेली होती. तिनं खिळ्याला सरळ सांगितलं होतं की राष्ट्रीय अकादमीत पोरीची निवड झाली तर राहणं, शाळा, खेळ सगळं तिथंच होईल, आणि नाही झाली तर पोरगी माझ्याबरोबर धुलाईला येईल, माझ्याच्यानं आता एकटीनं होत नाही. पुढच्या वर्षी भिंगरी वयानं बाद होणार होती. म्हणजे जे व्हायचं ते याच मोसमात, अकादमीच्या निवड समितीच्या बाई जी एक मॅच बघायला येणार होत्या त्या मॅचला.

मॅचच्या आठवड्यात संचालकांनी खिळ्याला वर बोलावलं. क्लबाचं ऑफिस स्टँडच्या वरच्या पायऱ्यांखाली. बसलं की डोक्यावर उतरतं छत, उभं राहिलं की टेंगूळ. संचालक खिळ्यापेक्षा लहान, शांत, पेन्सिलीनं टेबलावर टकटक करायची सवय असलेले. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. अकादमीकडं मधल्या मुली उदंड आहेत, त्यांना राइट बॅक हवा आहे. बाई राइट बॅक बघायला येतायत. आपल्याकडं त्या जागेसाठी जन्मलेली मुलगी आहे, आणि ती मधे खेळतेय. या मॅचला तिला मागं खेळवा.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते खिळ्याला त्या खुर्चीत कळलं. तो उठला, टेंगूळ आलं, त्यानं राग आणखीनच चढला.

“एका मॅचसाठी ना?” तो म्हणाला. “आजच्या दिवस ना? मला माहीत आहे तुमचा आजचा दिवस किती लांब असतो ते.”

संचालकांना काही उमगलं नाही. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले की संघ तुमचा, निर्णय तुमचा, मी फक्त मला दिसलं ते सांगितलं. खिळ्याला जबरदस्ती हवी होती, म्हणजे भांडता आलं असतं. ती मिळाली नाही म्हणून तो जिना उतरताना भिंतीशी भांडत गेला. काय तर म्हणे जन्मलेली! उंटावरून शेळ्या हाकणारे हे लोक, यांनी कधी रेघेवर उभं राहून शिव्या खाल्ल्यात?

त्याच संध्याकाळी भिंगरी सरावानंतर थांबली. बिबांचा, म्हणजे सरावाच्या रंगीत बंड्यांचा, ढीग गोळा करता करता ती म्हणाली, “सर, एकदा बॅकला खेळून बघू का? शिडीला मधे यायचंय, आणि मला...”

तिला पुरतं बोलूही दिलं नाही त्यानं. तुझ्या डोक्यात हे कुणी भरवलं? संचालकांनी? एकदा मागं गेलीस की कुणी पुढं बोलवत नाही, कळतं का? तुझं वळण बघितलंयस का कधी? मी असेपर्यंत तुला कुणी त्या रेघेवर उभं करणार नाही. ‘मला’च्या पुढं तिला काय म्हणायचं होतं ते तसंच राहिलं. तिनं बिबं मोजून पिशवीत भरली आणि गेली. शिडी म्हणजे संघाची राइट बॅक, उंच, डाव्या पायाची, त्या जागेवर मन नसलेली मुलगी. ती फाटकापाशी उभी होती. दोघी काहीतरी बोलत गेल्या. खिळ्याला वाटलं, आपण पोरीला वाचवलं.

तरी मन थाऱ्यावर येईना. सकाळची वाटही न बघता तो थेट मास्तरांकडं गेला. इतकी वर्षं टाळलेली गोष्ट. मास्तर आता लेकीकडं असायचे. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर परात, परातीत मटार. मास्तर शेंगा सोलत होते आणि दर चौथा दाणा तोंडात टाकत होते. खिळ्याला बघून खूश झाले. लेकीला हाक मारली, चहा टाकायला लावला, आणि जे बोलत सुटले ते सुटलेच. कुठल्या मॅचला पेनल्टी कुणी चुकवली, कुठल्या रेफरीच्या बुटाचा तळ निघाला होता, कुठल्या गोलकीपरनं लग्नाच्या दिवशी येऊन दोन बॉल अडवले. म्हाताऱ्याची स्मरणशक्ती बघून खिळा चाट पडला. बरं झालं, त्याला वाटलं, म्हणजे तेही आठवत असणार. मग त्यानं मनात रोज घोटलेला प्रश्न एकदाचा विचारला. मास्तर, मला मधून का काढलंत?

“मधून?” मास्तर म्हणाले. “तू मधे कधी होतास?”

खिळ्यानं काविळीची आठवण करून दिली. जर्सी फेकल्याची आठवण करून दिली. शब्द न शब्द सांगितला. मास्तरांनी मनापासून आठवून पाहिलं, खोटं कशाला बोला, डोळे मिटून आठवून पाहिलं. कावीळवाला त्यांना आठवला, त्याचा पुढं विम्यातला हुद्दाही आठवला. हे मात्र नाही.

“नाही रे लेका. तू बॅकच होतास. मी बघतोय तसा बॅक.” मग त्यांनी त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर थोपटलं. “चांगला होतास हं. फार चांगला होतास.”

माणसानं तुमचं घर जाळावं आणि नंतर त्याला ते आठवूही नये! तो म्हणाला असता की हो, चुकलं, तर खिळ्यानं कदाचित माफही केलं असतं. तो म्हणाला असता की बरोबर केलं, तर दोन शब्द सुनावता आले असते. पण याला ते आठवतच नाही. ज्या रागावर खिळा इतकी वर्षं जगला, तो ज्याच्यावर होता त्याला त्याचा पत्ताच नव्हता. चहा तसाच टाकून खिळा उठला. मास्तरांच्या लेकीला वाटलं, साखर जास्त झाली.

घरी बायको दुकान बंद करून आलेली होती. तिचं चष्म्याचं दुकान, बोलणंही काचेसारखं स्वच्छ. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “लोकांना जवळचं नाहीतर लांबचं दिसत नाही. तुम्हाला मागचं तेवढं दिसतं. अहो, मास्तरांवरचा राग मास्तरांवर काढून या हवं तर, पण वड्याचं तेल वांग्यावर काढू नका. पोरीला काय हवंय?”

खिळा म्हणाला की पोरीला काय कळतंय, आणि पांघरूण ओढून भिंतीकडं तोंड करून झोपला.

मॅचच्या दिवशी निवड समितीच्या बाई वेळेवर आल्या. स्वतः खेळलेल्या, भुवईवर टाक्यांची जुनी खूण असलेल्या. स्टँडमध्ये एकट्या बसल्या आणि मोबाइल पिशवीत टाकून दिला, म्हणजे खरंच बघायला आल्या होत्या. भिंगरीची आईही आली होती. पाळी बदलून घेतलेली, अंगात कामाचाच निळा झगा. खिळ्यानं संघ सांगितला. भिंगरी मधे, दहा नंबर. शिडी राइट बॅक, दोन नंबर. भिंगरीनं मान हलवली. शिडीनं आकाशाकडं पाहिलं.

पहिला अर्धा वेळ म्हणजे नुसती दैना. भिंगरीला बॉल मिळायचा आणि मिळाल्या मिळाल्या जायचा. समोरच्या संघानं दोन मुली तिच्या पाठीवर सोडल्या होत्या, आणि पाठीवर डोळे नसलेल्या मुलीनं करायचं काय? ती घाईघाईत मान फिरवायची, उशीर व्हायचा. तिचं ते वळण एकदाच जमलं, तेही मोकळ्या जागेत, ज्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. मध्यंतराच्या तोंडावर तिच्याच पायातून गेलेल्या बॉलवर गोल झाला. खिळा ‘मान! मान!’ ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता. स्टँडमधल्या बाईंनी एकदा घड्याळ बघितलं. भिंगरीच्या आईनं ते बघितलं.

मध्यंतरात ड्रेसिंग रूममध्ये खिळ्यानं जो तोंडाचा पट्टा सोडला त्यातून गोलकीपरसुद्धा सुटली नाही. भिंगरी कोपऱ्यात टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती. तिच्यावर तो सगळ्यात जास्त ओरडला, कारण सगळ्यात जास्त जीव तिच्यावर. मग शिट्टी झाली आणि मुली बाहेर गेल्या.

दुसऱ्या अर्ध्यात संघ बाजू बदलतात, त्यामुळे राइट बॅक आता खिळ्याच्या बाकापुढूनच धावणार होता. तो बाटली तोंडाला लावून उभा होता. समोरून रेघेला लागून जी मुलगी गेली तिच्या पाठीवर दहा नंबर होता. त्याला वाटलं, बॉलमागं आली असेल. पण ती तिथंच उभी राहिली. मैदानाच्या मधोमध शिडी उभी होती, दोन नंबर घालून, आणि बाकाकडं चुकूनही बघत नव्हती.

“ए!” खिळा ओरडला. “मधे जा!”

भिंगरीनं ऐकलं. हाताच्या अंतरावर होती ती, न ऐकायला काय झालं? तिनं नजर बॉलवरून हलवली नाही.

आणि मग ती खेळली. समोरची विंगर पहिल्या अर्ध्यात मोकाट सुटलेली पोर. ती वेगानं आली, आणि भिंगरीनं पाय पुढं केला, धक्का नाही की झटापट नाही, बॉल काढून घेतला. ती पुन्हा आली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती विंगर जवळ यायच्या आधीच थबकली. मागून मुली ओरडत होत्या, “कुलूप! कुलूप!” आणि खिळ्याला कळेना की हे कुणाला. मुली तिला आपापसांत कुलूप म्हणतात, हे दोन वर्षांत त्याला पहिल्यांदाच कळलं. मग तिनं एक बॉल अडवला, मान वर केली, सगळं मैदान समोर होतं, आणि शिडीला असा लांब पास दिला की शिडीनं डाव्या पायानं तो नुसता पुढं ढकलला आणि गोल झाला. बरोबरी. बाकावरच्या मुली नाचल्या. स्टँडमधल्या बाई पुढं वाकून बसल्या. भिंगरीची आई काय झालं ते न कळूनही उभी राहिली.

रेघेवर भिंगरी हसत होती. जीव तोडून धावलेली, घामानं चिंब, आणि हसत होती.

कुणी म्हणेल, आता तरी खिळ्यानं गप्प बसावं. आपलं पोर हसतंय, बरोबरी झालीय, बाई बघतायत. शहाणा माणूस बसला असता. पण खिळ्याच्या डोक्यात एकच घुमत होतं. त्या जागेवर कुणी हसत कसं? जिथं आपण रोज दात ओठ खात उभे राहिलो, तिथं ही आपणहून गेली? मागून घेतलं हिनं? म्हणजे ती जागा वाईट नव्हतीच की काय? मग इतकी वर्षं आपण काय केलं? मास्तरांचं ते ‘चांगला होतास हं’ त्याच्या कानात वाजलं आणि त्यानं डोक्यात राख घालून घेतली. वळून त्यानं रेघेबाहेर बदलीची पाटी घेऊन बसलेल्या चौथ्या रेफरीला सांगितलं, दहा नंबर बाहेर.

रेफरीनं पुन्हा विचारलं, नक्की दहा? खिळा म्हणाला, ऐकू येत नाही का.

पाटी वर गेली. भिंगरीनं आकडा बघितला, मग आणखी कुणी दहा नंबर आहे का असं मागं वळून बघितलं. मग चालत बाहेर आली. एकदा बाहेर आलेली मुलगी परत आत जाऊ शकत नाही, हा नियम. बाकावर सगळ्या तिच्यासाठी सरकल्या, पण ती बाकाच्या टोकाशी जमिनीवर बसली. नवीन बॅक घाबरलेली पोर होती. विंगरला जणू कुलूप काढून मिळालं, पाच-सहा मिनिटांत ती त्याच बाजूनं आत घुसली आणि गोल मारून गेली. मॅच गेली. अति तिथं माती म्हणतात, इथं तर पोरीच्या नशिबातच माती कालवली.

खेळ संपल्यावर राग उतरला. उतरणारच. रागाचं काम झालं होतं. खिळा बाटल्या गोळा करत होता. निवड समितीच्या बाई पायऱ्या उतरून सरळ त्याच्याकडं आल्या.

“सर, तुमचा राइट बॅक कुठंय? दुसऱ्या अर्ध्यातली. लागलं का तिला?”

हो म्हणायचं, बास. स्नायू दुखावला म्हणायचं. खिळ्याची अब्रू राहिली असती, पोरीनं हुकूम मोडला हेही झाकलं गेलं असतं. पण लागलेली मुलगी कोण अकादमीत नेतं? भिंगरी मागंच उभी होती, बूट हातात घेऊन, नुसत्या मोज्यांवर. तिची आई तिच्याजवळ आली होती.

“लागलं नाही,” खिळा म्हणाला. “मी काढलं. दोन वर्षं मी तिला चुकीच्या जागी खेळवतोय. आज ती स्वतःच बरोबर जागी गेली, ते मला बघवलं नाही.” त्यानं हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या. “ती बॅक आहे, बाई. मी बॅक होतो. माझ्यापेक्षा चांगली आहे.”

मी बॅक होतो. हे वाक्य त्यानं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. पेपरवाल्यांना नाही, बायकोला नाही, कुणालाच नाही.

बाईंनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. दया नव्हती त्या बघण्यात, खरं तर बाईही चिडल्याच होत्या. त्या म्हणाल्या की अर्धवट बघून मी हो म्हणू शकत नाही. मागं सबंध दुसरा अर्धा खेळली असती तर आज इथंच सांगून गेले असते. याच जागेसाठी आणखी दोन मुली आहेत, त्यांना पुरतं बघितलंय. सोमवारी सकाळी हिला अकादमीत पाठवा, तिघींना समोरासमोर उभं करू. भरवसा देत नाही. मग त्यांनी भिंगरीला जवळ बोलावलं, मागं कधीपासून खेळतेस ते विचारलं. भिंगरी म्हणाली, आजपासून. बाईंनी भुवईवरची खूण खाजवली आणि निघून गेल्या.

आईनं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढं जाऊन बसथांब्यापाशी उभी राहिली. मैदानावर खिळा आणि भिंगरी, आणि चुन्याची रेघ ओरबाडून गेलेली. त्याला वाटलं, आता ही निघून जाईल. ती गेली नाही.

“सर, मग काढलंत कशाला?”

“राग आला.”

“माझा?”

“नाही,” तो म्हणाला. “तुझा नाही.”

तिनं ते ऐकून घेतलं. तिचं नाक लाल झालं होतं, पण ती रडली नाही. दोन वर्षं भोंगा ऐकलेली मुलगी होती, आवाज मुळीच न चढवता तिनं विचारलं, “मग बाहेर मी का बसले?”

खिळ्याकडं मास्तर होते, कावीळ होती, जर्सी होती, सबंध गोष्ट होती, रोज घोटलेली. त्यातलं एकही अक्षर या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं. ती उभी राहिली, कारण तिला खरोखरच उत्तर हवं होतं. मग तिनं बूट पिशवीत टाकले आणि तशीच मोज्यांवर आईकडं चालत गेली.